नेम आणि मन

मैदानी खेळ पाहावयास जमलेल्या समुदायाचें लक्ष साहजिकच खेळाडूच्या शरीराकडे असतें. पैलवानाची मान, धावणाराची पोटरी, गोळा फेकणाराचा दंड यांवरून प्रेक्षक आपापले अंदाज बांधतात, आणि निकाल लागल्यावर, जिंकणाराच्या अंगीं बळ अधिक होतें असें म्हणून घरीं जातात. पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु जगांतील उत्तमांत उत्तम असे आठ खेळाडू एका रांगेंत उभे राहिले म्हणजे त्यांच्या बळांत व कौशल्यांत फारसें अंतर उरलेलें नसतें. तरीही एक पुढें जातो, आणि सरावांत रोज सरस ठरत आलेला दुसरा नेमक्या वेळीं मागें पडतो. याचें कारण कोठें शोधावयाचें?

तें शोधण्यास नेमबाजीसारखा दुसरा खेळ नाहीं. या खेळांत धावावयाचें नसतें, उडी मारावयाची नसते, प्रतिस्पर्ध्यास हातही लावावयाचा नसतो. स्तब्ध राहून, श्वास आवरून, एका बोटानें चाप ओढावयाचा, एवढेंच काम. शरीराची हालचाल जवळजवळ शून्यावर आल्यामुळें मनाची हालचाल उघडी पडते. दहा मीटरांवरील हवेच्या रायफलीच्या लक्ष्यांत दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पन्नास मीटरांवरील लक्ष्यांत तोच १०.४ मिलिमीटर असतो. इतक्या अल्प जागेंत गोळी बसवावयाची, तर हृदयाचा एक ठोकादेखील विघ्न करूं शकतो.

द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. युधिष्ठिरास झाड, पक्षी, भाऊ आणि गुरु असें सारेंच दिसलें. अर्जुनास पक्ष्याच्या डोक्याखेरीज कांहीं दिसेना. (लोकांच्या तोंडीं त्या डोक्याचा डोळा झाला आहे, पण महाभारतांत डोकेंच आहे.) एकाग्रतेचा उपदेश करतांना ही कथा नेहमीं सांगितली जाते, परंतु तींतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आचार्यांनीं प्रश्न विचारला तो बाण सुटण्यापूर्वीं. नेम लागतो कीं चुकतो हें पाहण्याआधीं शिष्याच्या मनांत काय काय भरलें आहे हें त्यांनीं पाहून घेतलें, आणि ज्यांचीं उत्तरें समाधानकारक नव्हतीं त्यांस बाण सोडूंच दिला नाहीं. दुसरें असें कीं, तो पक्षी कृत्रिम होता, आणि भोंवतीं हजारों लोक श्वास रोखून बसलेले नव्हते. आजच्या धनुर्धराची परीक्षा याहून कठीण ठिकाणीं होते.

अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स हा नेमबाज २००४ सालच्या ऑगस्टमध्यें अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत उतरला, तेव्हां तो तेवीस वर्षांचा होता. पालथें पडून नेम धरण्याच्या स्पर्धेंतील सुवर्णपदक त्यानें आधींच मिळविलें होतें. त्यानंतर तीन आसनांची, म्हणजे गुडघा टेकून, पालथें पडून व उभें राहून नेम धरण्याची, स्पर्धा झाली. शेवटची एकच गोळी उरली तेव्हां एमन्स तीन गुणांनीं पुढें होता, ७.२ गुण मिळाले असते तरी पदक त्याचें होतें. त्याच्या तोडीच्या नेमबाजाच्या हातून याहून वाईट गोळी क्वचितच सुटते. त्यानें चाप ओढला. गोळी लक्ष्याच्या मध्याजवळ बसलीही. पण लक्ष्य शेजाऱ्याचें होतें! दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर उभें राहून त्यानें तिसऱ्या क्रमांकाच्या लक्ष्यावर नेम धरला होता. नियमाप्रमाणें शून्य गुण मिळाले, आणि पहिल्या जागेवरून तो एकदम आठव्या जागीं गेला.

हें कसें झालें, याचा खुलासा एमन्सनेंच पुढें केला, आणि तो फार उद्बोधक आहे. त्याची नेहमींची रीत अशी कीं, प्रथम लक्ष्यावरचा क्रमांक पाहावयाचा आणि मग बंदूक हळूच खालीं, मध्यावर आणावयाची. त्या शेवटच्या गोळीच्या वेळीं मात्र तो स्वतःचें चित्त शांत करण्यांत गुंतला होता. त्या नादांत बंदूक सरळ मध्यावर आली आणि क्रमांक पाहावयाचा राहून गेला. हात कांपला म्हणून तो हरला नाहीं. मन शांत करण्याच्या कामावर मनच खर्ची पडलें, आणि शेंकडों वेळां आपोआप होणारी एक साधी क्रिया त्यांत हरवली.

चार वर्षांनीं, २००८ सालीं, बीजिंग येथें तीच स्पर्धा व तीच शेवटची गोळी. या खेपेस आघाडी ३.३ गुणांची होती आणि ६.७ गुण पुरेसे होते. बंदूक लक्ष्यावर उतरत असतांनाच बोट चापास लागलें, गोळी वेळेआधीं सुटली आणि गुण मिळाले ४.४. तो चौथा आला. २०१२ सालीं लंडन येथें शेवटच्या गोळीपूर्वीं तो दुसऱ्या स्थानीं होता; गोळी ७.६ ची पडली आणि रौप्याच्या ऐवजीं कांस्यपदक हातीं आलें. मधल्या काळांत, २०१० सालीं, त्यास कंठग्रंथीच्या कर्करोगावर उपचार घ्यावे लागले होते, हेंही येथें सांगितलें पाहिजे. अशा मनुष्यास कोणी भित्रा म्हणेल तर त्यास भीति म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं असें समजावें. भित्रा मनुष्य त्याच स्पर्धेंत, त्याच शेवटच्या गोळीस सामोरा जाण्यास आठ वर्षें पुनःपुन्हां येत नसतो. आणि अथेन्स येथें त्या अपयशानंतर त्याचें सांत्वन करावयास आलेली झेक नेमबाज काटेरिना कुर्कोव्हा हिच्याशीं २००७ सालीं त्याचा विवाह झाला. तेव्हां ती गोळी अगदींच वायां गेली असें म्हणवत नाहीं.

आतां शरीराच्या अंगानें पाहूं. संकट जवळ आलें असें मनास वाटलें कीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळूं लागतें. हृदय जलद चालतें, श्वास उथळ होतो, बोटें गार पडतात व त्यांत सूक्ष्म कंप सुटतो. ही योजना निसर्गानें वाघापुढून पळण्यासाठीं किंवा शत्रूशीं झुंजण्यासाठीं केलेली आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर गोळी बसविण्यासाठीं नव्हे. यामुळेंच हृदयाची गति मंद करणारीं व हाताचा कंप थांबविणारीं औषधें नेमबाजीच्या स्पर्धांत निषिद्ध आहेत. बीजिंग येथेंच उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यानें पिस्तुलाच्या स्पर्धांत एक रौप्य व एक कांस्य अशीं दोन पदकें मिळविलीं होतीं. परंतु त्यानें प्रोप्रॅनोलॉल घेतल्याचें तपासणींत उघड झालें आणि दोन्ही पदकें काढून घेण्यांत आलीं. तें औषध धावणाराच्या कांहीं उपयोगाचें नाहीं. शांतपणाची चोरी म्हणून शिक्षा व्हावी, अशी वस्तु खेळांच्या जगांत दुसरी क्वचितच सांपडेल.

मग भीति, क्षोभ, हुरहुर हीं मुळांतूनच उपटून टाकावीं काय? तसें नाहीं. कोल्हापूरच्या मैदानांत पैलवान हौद्यांत उतरतो तो शड्डू ठोकीत. त्या आवाजानें प्रतिपक्षी दबतो, प्रेक्षक उसळतात, आणि मुख्य म्हणजे ठोकणाराचें स्वतःचें रक्त तापतें. त्यास तें तापणें हवें असतें. हाच शड्डू ठोकून कोणी रायफल हातीं घेईल तर पहिलीच गोळी बाहेर जाईल. मनाची ऊब किती असावी हें खेळावर अवलंबून आहे. या गोष्टीचा मागोवा शास्त्रज्ञांनीं प्रथम उंदरांवर घेतला. १९०८ सालीं रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन या अमेरिकन संशोधकांनीं उंदरांस दोन पेट्यांतील भेद ओळखावयास शिकविलें व चुकल्यास विजेचा धक्का दिला. भेद ढळढळीत असतां धक्का जितका जोराचा तितकें शिक्षण लवकर झालें. भेद सूक्ष्म झाला तेव्हां मात्र मध्यम धक्का सर्वांत उपयोगी ठरला, आणि जोराच्या धक्क्यानें उंदीर गोंधळले. छडीवर भिस्त ठेवणाऱ्या शिक्षकांनीं हा प्रयोग ध्यानांत घ्यावयास हरकत नाहीं. पाढे कदाचित् छडीनें पाठ होतील; भूमितीचें प्रमेय व्हावयाचें नाहीं.

प्रेक्षकांचा परिणामही असाच दुहेरी आहे. १८९८ सालीं नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकानें सायकलींच्या शर्यतींचीं नोंदपुस्तकें चाळलीं, तेव्हां एकट्यानें घड्याळाशीं झुंजणारापेक्षां इतरांच्या सोबतीनें धावणारे बरेच जलद जातात असें त्यास दिसलें. मग त्यानें चाळीस मुलांस मासे धरण्याच्या गळाची दोरी चक्रावर गुंडाळावयास लावलें, कधीं एकेकट्यास, कधीं जोडीनें. जोडीनें करतांना वीस मुलांचा वेग वाढला, दहांवर परिणाम झाला नाहीं, आणि दहा मुलें इतकीं उतावीळ झालीं कीं त्यांचें काम उलट बिघडलें. वर्गांत मुलांस फळ्यापाशीं बोलावणाऱ्या कोणाही शिक्षकास या तिन्ही जातींची ओळख पटेल. पुढें १९६९ सालीं रॉबर्ट झायोन्स व त्याचे सहकारी यांनीं तर झुरळांची शर्यत लाविली आणि इतर झुरळांस प्रेक्षक म्हणून बसविलें! सरळ वाटेनें पळावयाचें असतां प्रेक्षकांसमोर झुरळें अधिक वेगानें पळालीं. वाट वळणाची होती तेव्हां प्रेक्षकांमुळें त्यांस विलंब लागला. हंसूं येण्यासारखा प्रयोग खरा. पण अर्थ स्पष्ट आहे. जें अंगवळणीं पडलें आहे तें लोकांसमोर अधिक चांगलें होतें, आणि जें अर्धेंकच्चें आहे तें लोकांसमोर अधिक बिघडतें.

येथें एक शंका निघते. एमन्सची विद्या अर्धीकच्ची नव्हती. मग ती का बिघडली? याचें उत्तर अवधानाच्या दिशेंत आहे. पूर्ण साधलेली कला स्वतःच चालते. तिच्या प्रत्येक पायरीवर पहारा बसविला कीं ती अडखळते. जिना उतरतांना कोणता पाय केव्हां टाकावयाचा याचा विचार करूं लागावें, म्हणजे याची प्रचीति येते. शिआन बेलॉक व टॉमस कार यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, गोल्फचे निष्णात खेळाडू आपण नुकताच मारलेला टोला कसा मारला याचें वर्णन नवशिक्यांपेक्षां त्रोटक करतात. तो टोला त्यांच्या लक्षांतच राहिलेला नसतो. पदक हातातोंडाशीं आलें म्हणजे हाच निष्णात मनुष्य, चूक होऊं नये म्हणून, आपल्या हातावर स्वतःच देखरेख करूं लागतो आणि क्षणभर पुन्हां नवशिका बनतो.

यावर बाहेरून मिळणारा उपदेश बहुधा एकच असतो: शांत हो. या उपदेशाइतका निरुपयोगी उपदेश दुसरा नसेल. धडधडणारें हृदय आज्ञा देऊन मंदावत नाहीं. उलट तें मंदावत नाहीं याचीच नवी चिंता सुरू होते. अॅलिसन वुड ब्रूक्स या विदुषीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गावयास, भाषण करावयास किंवा गणितें सोडवावयास उभ्या राहिलेल्यांपैकीं ज्यांनीं आपली धडधड हा उत्साह आहे असें मानलें त्यांचें काम, ज्यांनीं स्वतःस शांत करण्याचा यत्न केला त्यांच्यापेक्षां सरस झालें. धडधड तीच, नांव तेवढें बदललें.

अभिनव बिंद्रा याची कथा या दृष्टीनें अभ्यास करण्याजोगी आहे. २००४ सालीं अथेन्स येथें प्राथमिक फेरींत तो तिसरा होता; अंतिम फेरींत सातवा झाला. पुढील चार वर्षांत त्यानें केवळ हाताचा सराव वाढविला नाहीं. बीजिंगची नेमबाजीची जागा फार मोठी असणार, म्हणून त्यानें चंदीगडमध्यें लग्नकार्याचें एक मोठें सभागृह भाड्यानें घेऊन तेथें सराव केला. तेथील दिव्यांचा उजेडही बीजिंगसारखा करवून घेतला. स्पर्धेपूर्वीं जर्मनींत तो एका चाळीस फूट उंच खांबावर चढला. चढतांना त्यास भीति वाटली, आणि भीति वाटत असतांनाच वर जावयाचें, हाच त्या शिक्षणाचा हेतु होता. ११ ऑगस्ट २००८ रोजीं अंतिम फेरीपूर्वीं त्यानें सरावाची पहिली गोळी झाडली ती चार गुणांच्या कड्यांत गेली! रायफलीवरील नेम धरण्याचें साधन जागचें हललेलें होतें. हातीं वेळ अगदीं थोडा. कोणीं केलें, कसें झालें, हा विचार सहज मनांत येता. त्यानें साधन नीट लावून घेतलें आणि तो नेमास लागला. नऊ गोळ्या झाल्यावर तो व फिनलंडचा हेन्री हॅकिनेन हे ६८९.७ गुणांवर बरोबरीनें होते. शेवटच्या गोळीस हॅकिनेन यास ९.७ गुण मिळाले, बिंद्रा यास १०.८. ऑलिंपिकमध्यें भारतास मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक सुवर्णपदक होय.

एवढ्यावर कथा संपली असती तर ती मुलांच्या वाचनमालेंत शोभली असती. परंतु बिंद्रा यानें पुढें जाहीरपणें सांगितलें आहे कीं, त्याच्या मनावरचें सर्वांत मोठें संकट पराभवानंतर नव्हे, तर विजयानंतर आलें. अनेक वर्षें एकच वस्तु डोळ्यांपुढें ठेवून तो जगला होता. ती हातीं आल्यावर सकाळीं उठावयाचें कशासाठीं, हेंच त्यास कळेना. खेळाडूच्या प्रेरणेचा विचार करतांना हा प्रसंग टाळून चालत नाहीं. शिखरावर ज्याची नजर खिळली त्यास शिखर चढून झाल्यावर पाहावयास कांहीं उरत नाहीं. नेम धरण्यांतच ज्यास गोडी वाटते त्यास दुसऱ्या दिवशींही नेम धरावयाचा असतो.

ही गोडी मोठ्यांच्या हातून कशी मारली जाते, याचा एक प्रयोग १९७३ सालीं मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनीं प्रसिद्ध केला. बालवर्गांतील ज्या मुलांस चित्रें काढण्याची मुळांत आवड होती अशांपैकीं कांहींस, चित्र काढल्यास फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल असें आधीं सांगितलें व तें दिलें. कांहींस तें अचानक दिलें. कांहींस दिलेंच नाहीं. एकदोन आठवड्यांनीं पाहतां, आधीं आमिष दाखविलेलीं मुलें इतरांच्या मानानें निम्माच वेळ चित्रांत रमूं लागलीं होतीं. शाळांच्या वार्षिक सामन्यांत मैदानाच्या कडेला उभे राहून, पहिला आलास तर अमुक घेऊन देईन, असें दहा वर्षांच्या पोरास ओरडून सांगणारे वडील काय करीत असतात याची त्यांस कल्पना नसते. त्या पोरास धावण्याची हौस होती. आतां त्यास एक देणें झालें. हरल्यावर त्याची मान खालीं जाते ती दमल्यामुळें नव्हे.

कधीं कधीं तर न खेळणें हेंच मनाच्या परीक्षेचें उत्तर असतें. २०२१ सालीं टोकियो येथें अमेरिकेची सिमोन बाइल्स हिनें घोड्यावरून उडी घेतली तेव्हां हवेंत अडीच गिरक्या घ्यावयाच्या होत्या, दीडच झाली. हवेंत असतां आपलें शरीर कोठें आहे याचें भानच नाहींसें झालें होतें. अशा स्थितींत पुढची उडी घेणें म्हणजे मान मोडून घेणें. ती सांघिक स्पर्धेंतून बाजूस झाली, आणि पुष्कळांनीं तिच्यावर टीका केली. टीका करणारांपैकीं तशी एक उडी तरी किती जणांस घेतां आली असती? पॅरिस येथें २०२४ सालीं तिनें तीन सुवर्ण व एक रौप्यपदक मिळविलें.

त्याच पॅरिसमध्यें, १ ऑगस्ट २०२४ रोजीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तीन आसनांच्या रायफल स्पर्धेच्या अंतिम फेरींत उभा होता. म्हणजे एमन्सला दोनदां दगा देणारी तीच स्पर्धा. पैलवानांचा म्हणून नांवाजलेला हा जिल्हा नेमबाजांचाही झाला आहे. २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत व २०१८ सालच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविणारी राही सरनोबत याही कोल्हापूरच्याच. रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा स्वप्नील २०१२ सालापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरत होता. ऑलिंपिकची वाट पाहण्यांत त्याचीं बारा वर्षें गेलीं. आदल्याच वर्षीं चीनमधील हांगझाऊ येथें आशियाई सामन्यांत तो आघाडीवर असतां उभ्यानें नेम धरण्याच्या फेरींत एक गोळी ७.६ ची पडली, आणि पदक निसटून तो चौथा आला. पॅरिस येथें तीच उभ्याची फेरी शेवटीं यावयाची होती.

त्या सकाळीं त्याच्या पोटांत नुसता काळा चहा होता, अन्न जाईना. हृदय जोरानें धडधडत होतें, हें त्यानें स्वतःच नंतर सांगितलें. तें थांबविण्याच्या भानगडींत तो पडला नाहीं. श्वासाकडे लक्ष ठेवलें आणि नवें कांहीं करावयाचें नाहीं, रोजचेंच करावयाचें, एवढें ठरविलें. गुडघ्यावरील नेमानंतर तो सहावा होता, पालथें पडून घेतलेल्या नेमानंतर पांचवा. मग तो उभा राहिला. एकेक खेळाडू गळूं लागला, आणि ४५१.४ गुणांवर तो थांबला तेव्हां तिसरें स्थान त्याचें झालें होतें. या प्रकारांत भारतास मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. त्या सबंध वेळांत आपण गुणांकडे पाहत नव्हतों, असें त्यानें नंतर सांगितलें. मागें भारतीय प्रेक्षक ओरडत होते, आणि त्यांनीं तसेंच ओरडत राहावें, एवढीच त्याची इच्छा होती.